मायनस वीस परवडलं पण शून्य नको: ओउलुत पहिल्यांदा हिवाळ्यात सायकल काढणाऱ्यांसाठी

मी सोलापूरची. म्हणजे मे महिन्यात दुपारी स्कूटीच्या सीटवर ओला टॉवेल टाकून मग बसणाऱ्यांपैकी. फिनलंडमध्ये ओउलुला आले त्याला आता सहावा हिवाळा चालूय, आणि दर वर्षी युनिव्हर्सिटीत नवीन पोरंपोरी आली की ऑक्टोबरात मला हमखास तोच मेसेज येतो, "ताई, सायकल आता मार्चपर्यंत आत ठेवायची ना?" नाही ठेवायची. इथे शाळेतली चिमुरडी मायनस पंधराला दप्तर पाठीला लावून सायकलने जातात आणि सत्तरीच्या आज्या पुढच्या बास्केटमध्ये दूध-ब्रेड टाकून आपल्याला ओव्हरटेक करतात. हिवाळ्यातल्या सायकलिंगवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली याच गावात भरली होती, ती काही उगाच नाही.

माझ्या पहिल्या वर्षी सगळ्या चुका करून झाल्यात, त्यामुळे तुम्ही त्याच परत करायची गरज नाही. हे सगळं ओउलुचं आहे. हेलसिंकीत रस्त्यावर मीठ मारतात, तांपेरेला ट्रामचे रूळ आहेत, तिकडची गणितं थोडी वेगळी, पण पहिले चार मुद्दे कुठेही चालतील.

१. आधी हे डोक्यात बसवा: थंडी आणि निसरडं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

आपल्याला वाटतं जितकी थंडी जास्त तितकं घसरायला जास्त. उलटं आहे. मायनस पंधरा-वीसला बर्फ कोरडा आणि कडक असतो, त्यावर टायर बऱ्यापैकी धरतं, चाकाखाली करकर आवाज येतो तो ऐकला की समजायचं आज बरंय. खरा घात होतो तो शून्याच्या आसपास, कारण तेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो आणि पाणी लावलेल्या बर्फावर काहीच टिकत नाही, चप्पल नाही टायर नाही.

माझी पहिली आपटी ऑक्टोबरच्या शेवटी. सकाळचे आठ, थर्मामीटरवर अधिक १, रस्ता नुसता ओला दिसत होता. तुइराहून लिन्नानमाकडे ऑफिसला जाताना एक अंडरपास लागतो, त्याच्या उतारावर मी नेहमीसारखी वळले आणि साबणाचं पाणी टाकलेल्या शहाबादी फरशीवर पाय जावा तसं पुढचं चाक गेलं. मी एकीकडे, सायकल एकीकडे, डब्यातली आमटी लॅपटॉपच्या बॅगेत. मागून एक आजी सायकलवरून आल्या, उतरल्या, माझं टायर बघितलं आणि एकच शब्द विचारला, "नास्तारेंकाट?" म्हणजे खिळ्यांची टायरं. मी मान हलवली, नाहीत. त्यावर त्या "नो नीन" (म्हणजे साधारण "हं, बरं") म्हणाल्या, आणि ज्यांना फिनिश लोक माहितीयेत त्यांना कळेल की या दोन शब्दांत माझी पूर्ण हजेरी घेऊन झाली होती.

त्या ओल्या दिसणाऱ्या बर्फाला इथे मुस्ता यॅ म्हणतात, काळा बर्फ. तो काळा नसतो, पारदर्शक असतो, खालचा डांबरी रस्ता दिसतो म्हणून काळा. हवा शून्याच्या वर असली तरी रात्री जमीन गार पडलेली असते. त्यामुळे मोबाइलवर नुसतं तापमान बघू नका, इल्मातिएतेन लाइतोस म्हणजे इथलं हवामान खातं हिवाळ्यात पायी चालणाऱ्यांसाठी वेगळा निसरडेपणाचा इशारा देतं, तो बघा. "फार निसरडं" असं आलं की त्या दिवशी मीसुद्धा बस पकडते.

२. टायर: इथे पैसे वाचवू नका

खिळ्यांची टायरं म्हणजे रबरात टोकाला टंगस्टन कार्बाइड असलेले छोटे खिळे बसवलेले असतात. साध्या स्टीलचे खिळे असतील तर ते डांबरावर पटकन झिजतात म्हणून घेताना विचारा. सुओमी टायर्सचे डब्ल्यू १०६ आणि डब्ल्यू २४० इथे बऱ्याच सायकलींना दिसतात, त्यातला आकडा म्हणजे खिळ्यांची संख्या. श्वाल्बे कंपनीचं मॅरेथॉन विंटर प्लस येतं त्याला मापाप्रमाणे २४० पर्यंत खिळे असतात. बिल्तेमासारख्या दुकानात स्वस्तातलीही मिळतात, रोज चार-पाच किलोमीटरच असेल तर तीही चालतात, माझ्या नवऱ्याने दोन सीझन तीच वापरली.

किती खिळे पाहिजेत? तुमचा रस्ता नीट साफ होणारा सायकल-रस्ता असेल तर शंभर पुरेत. सोसायटीच्या आतले रस्ते, बाजूचे उतार, अशा जागा असतील जिथे वितळून परत गोठतं, तर दोनशेच्या वरचं घ्या.

बजेट एकाच टायरचं असेल तर ते पुढे लावा. पुष्कळ जण मागे लावतात कारण जोर मागच्या चाकाला लागतो. पण मागचं चाक सरकलं तर सायकल शेपटी हलवते आणि तुम्ही सावरता, पुढचं सरकलं की सावरायला वेळच मिळत नाही, माझी आमटी आठवा.

माप टायरच्या बाजूला लिहिलेलं असतं, ४२-६२२ असं काहीतरी. दुसरा आकडा तंतोतंत जुळायला हवा, पहिला म्हणजे रुंदी, ती थोडी कमीजास्त चालते पण मडगार्ड आणि टायरमध्ये बोटभर जागा राहते का ते बघा, नाहीतर तिथे बर्फ दाबून दाबून भरतो आणि चाकच अडकतं. बसवायचं काम घरात करा, गार टायर कडक होतं आणि टायर चढवायचे प्लॅस्टिकचे लिव्हर तुटतात (माझे दोन).

नवीन टायर लावल्यावर श्वाल्बेवाले पहिले ४० किलोमीटर डांबरी रस्त्यावर आरामात चालवायला सांगतात, जोरात ब्रेक नाही, जोरात दाबणं नाही, म्हणजे खिळे रबरात नीट बसतात. म्हणूनच टायर बर्फ पडायच्या आधी लावायचं, ओउलुत मी ऑक्टोबरच्या मध्याला लावते. कोरड्या डांबरावर फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो, लोक बघतात, बघू दे.

हवेचं एक गणित: घरात २० डिग्रीला ४ बार भरलीत आणि सायकल मायनस २० ला बाहेर ठेवली तर तीच हवा साधारण ३.३ बार होते. पंक्चर नाहीये, नुसती आकसलीये. डांबर उघडं असेल तेव्हा हवा जरा जास्त ठेवा, सगळीकडे बर्फ असेल तेव्हा कमी, म्हणजे टायर पसरतं आणि कडेचे खिळेपण जमिनीला टेकतात. पण टायरवर लिहिलेल्या किमान आकड्याच्या खाली जाऊ नका.

३. सायकल कुठली

नवीन महागडी सायकल हिवाळ्यात घालू नका. तोरीवर, म्हणजे इथली जुन्या सामानाची साइट, एखादी तीन गिअरवाली आणि मागे पॅडल फिरवून ब्रेक लागणारी बाबा आदमच्या जमान्यातली सायकल बघा. गिअर आणि ब्रेक दोन्ही मागच्या हबच्या आत बंद असतात, त्यामुळे बर्फ-खडी आत जात नाही. दिसायला पोस्टमनची वाटते पण मायनस पंचवीसला पण मुकाट चालते.

बाहेर गिअर असलेली असेल तर दोन प्रकार होणार. एक, केबलच्या आवरणात पाणी शिरून गोठतं आणि गिअर आहे तिथेच अडकतो, मग जो आहे त्यात घरी यायचं. दुसरा जास्त गमतीशीर. संक्रांतीचा दिवस होता, मायनस २७, ऑफिसात वाटायला तिळगुळाचा डबा घेऊन निघाले तर मी पॅडल मारतेय, चेन फिरतेय आणि चाक ढिम्म, जत्रेतल्या खेळण्यातल्या सायकलसारखी मी जागच्या जागी पाय फिरवतेय. झालेलं असं की मागच्या हबमध्ये छोटे खटके असतात जे पुढे दाबलं की दातात अडकतात, आतलं ग्रीस थंडीने खव्यासारखं घट्ट झालेलं आणि खटके वर उठायलाच तयार नाहीत. उपाय म्हणजे शरद ऋतूत दुकानात देऊन तिथे थंडीत चालणारं पातळ ग्रीस घालून घ्यायचं. रस्त्यात झालं तर ढकलत न्यायची, दुसरा इलाज नाही. तिळगूळ मात्र दगडासारखे झाले होते.

इलेक्ट्रिक सायकलवाल्यांनी बॅटरी काढून रोज घरात न्यायची. थंडीत रेंज चांगलीच कमी होते, ते ठीक, पण गोठलेली बॅटरी तशीच चार्जिंगला लावायची नाही, आधी घरच्या तापमानाला येऊ द्यायची, बॅटरी कायमची खराब होते नाहीतर.

४. सामानाची यादी, कागदांसकट

- खिळ्यांची टायरं, पंप
- पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा. अंधारात मागचा लाल दिवाही १ जून २०२० पासून कायद्याने सक्तीचा आहे. चार्जिंगचे दिवे थंडीत निम्म्यात मान टाकतात म्हणून ते खिशात ठेवा, सायकलवर सोडू नका. हबचा डायनॅमो असेल तर प्रश्नच मिटला
- हेइयास्तिन म्हणजे रिफ्लेक्टर, जॅकेटला लटकवायचे. डिसेंबरात इथे सूर्य साडेदहाच्या सुमारास उगवतो आणि दोनला मावळतो, जाता-येता दोन्ही वेळा अंधारच
- लुक्कोसुला, कुलूप सोडवायचं द्रव, छोटी बाटली. ती सायकलच्या पिशवीत नाही, जॅकेटच्या खिशात
- चेनचं ओल्या हवामानाचं तेल, जुना टीशर्ट पुसायला, छोटा ब्रश
- सीटवर घालायला प्लॅस्टिकची पिशवी
- सायकलच्या सांगाड्यावरचा नंबर आणि एक फोटो, मोबाइलमध्ये. चोरी झाली तर पोलीस आणि विमावाले दोघेही हेच मागतात
- केला कार्ड (इथल्या सरकारी सामाजिक विम्याचं), आणि नोकरीला असाल तर कंपनीचा अपघात विमा कुठला ते एचआरला आत्ताच विचारून ठेवा. घर ते ऑफिस नेहमीच्या रस्त्याने जाताना पडलात तर ते कामाच्या अपघात विम्यात येतं, कित्येकांना हे माहीतच नसतं आणि स्वतः पैसे भरून बसतात. विद्यार्थ्यांनी स्वतःचा विमा बघावा
- ११२ इमर्जन्सी. हात सुजलाय पण जीवावरचं नाहीये तर ११६११७ ला फोन करून कुठे जायचं ते विचारायचं

५. कपडे: निघताना थोडं कुडकुडलं पाहिजे

नवखे लोक इतकं घालतात की एका किलोमीटरमध्ये आतून घामाने भिजतात आणि मग सिग्नलला थांबलं की तोच घाम गार पडतो. दारातून बाहेर पडल्यावर पहिली पाच मिनिटं जरा थंडी वाजली पाहिजे, वाजत नसेल तर एक थर काढा. आत लोकरीचं किंवा सिंथेटिक, वर वारा अडवणारं. सुती बनियन नको, ते ओलं होऊन अंगाला चिकटून बसतं.

अंगापेक्षा जास्त त्रास बोटांचा होतो. पाच बोटांचे कितीही महाग हातमोजे घ्या, मायनस पंधराच्या खाली बोटं एकमेकांना चिकटलेली बरी, म्हणून दोन-दोन बोटं एकत्र असलेले किंवा सरळ मुठीचे घ्या. हँडललाच लावायचे मोठे कव्हर मिळतात, दिसतात अगदी बैलाच्या झुलीसारखे, पण आत पातळ मोजे पुरतात. बूट एक नंबर मोठे आणि आत लोकरीचे मोजे. घट्ट बुटात तीन मोजे कोंबले तर रक्त फिरत नाही आणि पाय जास्तच गारठतात.

डोक्याला हेल्मेटखाली बसेल अशी पातळ माकडटोपी. हो, तीच, जिच्यावरून आपण आजोबांना चिडवायचो. तोंड पूर्ण झाकलंत की श्वासाने चष्मा धुरकटतो आणि मग तो गोठतो, तेव्हा नाकाखाली थोडी फट ठेवा.

नाक, गाल किंवा कानाच्या पाळीवर पांढरट डाग दिसला आणि तिथे काही जाणवत नसेल तर थांबा. उघडा गरम तळवा त्यावर दाबून धरा. चोळायचं नाही, आणि बर्फाने तर अजिबात नाही. दोघं मिळून जात असाल तर अधूनमधून एकमेकांच्या तोंडाकडे बघत जा, स्वतःला कळत नाही.

६. प्रत्यक्ष चालवताना

सीट एक-दोन सेंटिमीटर खाली घ्या, पाय पटकन टेकला पाहिजे. ब्रेक सरळ असताना मारायचा, वळणाच्या आधी, वळणात नाही. पुढचा ब्रेक हलक्या हाताने, जास्त भर मागच्यावर. खांदे आणि कोपर ढिले, हँडल आवळून धरलंत की प्रत्येक खड्ड्याला सायकल उडते. मागचं चाक सरकल्यासारखं वाटलं तर ब्रेक सोडा, काही करू नका, ती स्वतःच सरळ होते. आणि चाकाकडे बघू नका, जिकडे जायचंय तिकडे बघा.

इथले सायकल-रस्ते काळ्या डांबरापर्यंत खरवडत नाहीत, वर घट्ट दाबलेल्या बर्फाचा थर ठेवतात, त्याला पोलान्ने म्हणतात, आणि त्यावर बारीक खडी टाकतात. पहिल्यांदा बघून वाटतं साफच नाही केलं. तोच चांगला रस्ता आहे, बिनधास्त जा. भीती या जागांची:

ताज्या भुरभुरीत बर्फाखाली लपलेला जुना बर्फ. अंडरपासची तोंडं, कारण वरून पाणी ठिबकून खाली गोठतं. लाकडी पूल, नदीवरची हवा लागून त्यावर दंव धरतं. क्रॉसिंगपाशी बर्फ ढकलणाऱ्या गाडीने सोडलेला बर्फाचा बांध, तो तिरका ओलांडायचा नाही, काटकोनात घ्यायचा नाहीतर उतरायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काल दुपारी चिखल झालेला बर्फ रात्री चाकोऱ्यांसकट गोठतो ते, पावसाळ्यात बैलगाडी गेलेल्या रस्त्याला उन्हाने तडकवावं तसं, चाक एकदा त्या चाकोरीत गेलं की बाहेर येत नाही. तिथे मी खाली उतरून चालते, लाज वाटून घेत नाही.

मागून मोठे दिवे लावून बर्फ ढकलणारी गाडी आली तर बाजूला होऊन थांबा, ती तुमच्यासाठीच रस्ता करतेय. वेळ दीडपट धरा, मला उन्हाळ्यात १७ मिनिटं लागतात ते जानेवारीत २५. स्लोप चढताना उभं राहून पॅडल मारू नका, वजन पुढे जातं आणि मागचं चाक जागेवर गरगरतं.

७. सायकल ठेवायची कुठे, आणि एक मोठी चूक

तासभर घरात आणली, बर्फ अर्धवट वितळला, परत बाहेर ठेवली, हे सगळ्यात वाईट. ते वितळलेलं पाणी ब्रेकमध्ये, केबलमध्ये, कुलपात शिरतं आणि तिथेच गोठतं. एकतर बाहेर थंड शेडमध्येच राहू द्या, बर्फ ब्रशने झटकून, किंवा आणलीतच तर रात्रभर ठेवून पूर्ण सुकवून चेनला तेल लावूनच बाहेर काढा. बिल्डिंगच्या तळघरात सायकलची खोली असते, घराचीच किल्ली लागते बहुतेक. आठवड्यातून एकदा चेन पुसा, खडीचा भुगा पॉलिश पेपरसारखा चेन खातो.

कुलपाचं भोक खाली करून लावा म्हणजे पाणी आत जात नाही. गोठलं तर गरम पाणी ओतू नका, दोन मिनिटं उघडेल आणि मग दुप्पट गोठेल. तोंडाने फुंकरही नको, वाफेचं पाणी होतं. आणि जीभ-ओठ धातूच्या जवळ नेऊ नका, का ते विचारू नका.

८. मार्च-एप्रिल: संपला असं वाटतं तेव्हा

ऊन पडायला लागलं की सगळे खुशीत येतात आणि हाच काळ नोव्हेंबरइतका बेकार. दुपारी पाणी वाहतं, रात्री गोठतं, सकाळी आठला आरसा. भर म्हणून हिवाळाभर टाकलेली खडी आता कोरड्या डांबरावर मोकळी पडलेली असते, वळताना त्यावर चाक घसरतं, आणि टोकदार तुकडे टायरमध्ये घुसतात, माझी निम्मी पंक्चरं एप्रिलमधली. झाडून नेणाऱ्या गाड्या सगळीकडे पोचेपर्यंत मे उजाडतो.

आणि मग येतो ताकाताल्वी, मागे फिरून आलेला हिवाळा. त्याला इथे वेगळा शब्द आहे यावरूनच ओळखा. गेल्या वर्षी मी शहाणपणा करून वीस एप्रिलला टायर उतरवली, धुतली, तळघरात टांगली, तेविसाव्या तारखेला सकाळी पडदा सरकवला तर खाली दहा सेंटिमीटर बर्फ. बसने गेले. स्टॉपवर शेजारच्या आजी सायकलवरून गेल्या, अजून खिळ्यांची टायरं होती, मोहरी तडतडत होती, त्यांनी माझ्याकडे बघून हात हलवला.